सहाशे ग्रॅम भाजणी

सुट्टीवरून परत जाणाऱ्या जवानाच्या सामानात आमच्या वाट्याला आठ किलो येत. त्याचं स्वतःचं बारा, आमच्याकडून आठ, एकूण वीस. बाबांनी हे एका कागदावर लिहून तो स्वयंपाकघराच्या दाराला टाचला होता. त्याच दाराच्या चौकटीला रद्दीवाल्याकडून मागून आणलेला स्प्रिंगचा काटा टांगलेला असे. त्या वर्षी आमच्या घरात येणाऱ्या प्रत्येक उंच माणसाचं डोकं आधी त्या काट्याला लागायचं आणि मग नमस्कार व्हायचा.

आई लष्कराच्या परिचर्या सेवेत मेजर होती. काँगोमधल्या शांतिसेनेच्या भारतीय इस्पितळात तिची वर्षभरासाठी नेमणूक झाली होती. बाबा एका मंत्रालयात सहायक होते आणि सरोजिनी नगरचं दोन खोल्यांचं क्वार्टर त्यांच्या नावावर होतं. आई निघाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाबांनी दारावरची पितळी पाटी बदलून घेतली. नव्या पाटीवर आईचं नाव हुद्द्यासकट वर होतं आणि बाबांचं खाली, बारीक अक्षरांत. शेजारच्या शर्माजींना या सगळ्याची गंमत वाटे. ओट्यावर बसून भाजी निवडणाऱ्या बाबांना ते एकदा म्हणाले, "भाईसाहब, भाभीजी बॉर्डर पे हैं और आप भिंडी काट रहे हैं?" बाबांनी मान वर न करता उत्तर दिलं, "बॉर्डर पे नहीं, अस्पताल में. और ये भिंडी नहीं, गवार है." चूक दुरुस्त केल्याशिवाय बाबांना राहवत नसे. हा गुण की दोष, ते मला अजून ठरवता आलेलं नाही, पण पुढे माझा उदरनिर्वाह त्याच्यावरच चालला.

घर सांभाळायला सांगलीहून आत्या आली होती. बाबांची मोठी बहीण, शाळेतून निवृत्त झालेली, आवाज अजून वर्गातलाच. दिल्लीचं पाणी, दिल्लीचं दूध आणि दिल्लीची धूळ या तिन्हींवर तिचा अविश्वास होता. बाहेरून घरात आलेलं कुठलंही कापड सोड्याच्या पाण्यात उकळल्याशिवाय ती वापरू देत नसे. मी शाळेत हिंदी बोलून घरी यायची, त्यामुळे माझ्या मराठीवरही तिचा तोच इलाज चाले. मी "यार" म्हटलं की ती म्हणायची, "ते बाहेर चपलेजवळ ठेवून ये."

दर रविवारी अकराच्या सुमारास आईचा फोन यायचा. उपग्रहावरून येणाऱ्या त्या आवाजाला दोन सेकंद लागत. पहिल्या महिन्यात आम्ही सगळे एकाच वेळी बोलायचो, मग एकाच वेळी गप्प व्हायचो आणि त्यातच मिनिटं संपायची. म्हणून बाबांनी नियम केला की आपलं बोलणं संपलं की "झालं" म्हणायचं. तेव्हापासून आमच्या घरातली सगळी माया "झालं"वर संपू लागली. "शैला, थंडी पडलीय इथे, मी तुझी शाल वापरतोय. झालं." दोन सेकंद. "वापर. पण धुताना गरम पाण्यात घालू देऊ नकोस ताईंना. झालं." स्पीकरवरून हे ऐकून आत्या फक्त नाक उडवायची.

पुडक्यांचं काम आमच्याकडे कुणी सोपवलं नव्हतं. तिथे सातारा-कोल्हापूरकडच्या जवानांची एक तुकडी होती. त्यातल्या एकाला मलेरिया झाला, तो आईच्या वॉर्डात होता आणि बोलता बोलता आईने त्याला आमचा फोन नंबर दिला. महिन्याभरात त्याच्या घरून शेंगदाण्याच्या चटणीचं पुडकं आलं. दिल्लीहून कुणी जाणार असेल तर द्यावं, अशी विनंती सोबत होती. मग दुसरं आलं, मग पाच. काही टपालाने यायची, काही मिरजेहून येणाऱ्या गाडीतल्या ओळखीच्या प्रवाशाबरोबर. चटणी, शेवया, भडंग, कुरडया, तिळाच्या वड्या. सगळी मांजरपाटात घट्ट शिवलेली, टाके जवळजवळ, वर शाईने जवानाचं नाव. आमच्या बाहेरच्या खोलीला त्या वर्षी लसणाचा वास होता. बाबा यादी करत, मी वजन करून नाव ठळक अक्षरांत लिहीत असे. बाबांचे नियम दोन. दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही. आणि आपल्या घरचं पुडकं सगळ्यांत शेवटी, जागा उरली तर.

जागा कधीच उरत नसे. आईनेही कधी काही मागितलं नव्हतं. पण एका रविवारी, आत्या काय काय करतेय हे मी सांगत असताना, आई म्हणाली, "इथे सगळं मिळतं गं. फक्त भाजणी भाजताना घरात जो वास येतो ना, तो मला आता आठवत नाही. खूप प्रयत्न केला." आणि "झालं" म्हणायला विसरली. आम्ही त्या शब्दाची वाट बघत राहिलो.

आत्याने दुसऱ्या दिवशी कढई चढवली. तांदूळ, ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ, उडीद, शेवटी धणे-जिरे, प्रत्येक वेगळं, मंद आचेवर. चक्कीवाला आमच्या धान्यात दुसऱ्याचा गहू मिसळेल म्हणून तिने किलोभर तांदूळ वेगळा नेला आणि आधी तोच दळायला लावून जातं साफ करून घेतलं. चक्कीवाला हसत म्हणाला, "माताजी, इतना तो फौजवाले भी नहीं करते." आत्या म्हणाली, "फौजवालों के लिए ही है." भाजणी घरी आली तेव्हा कोमट होती. मी वजन केलं. त्यातली सहाशे ग्रॅम आईसाठी डब्यात भरून ठेवली.

त्या खेपेला जाणारे हवालदार शनिवारी सकाळी पुडकी न्यायला येणार होते. शुक्रवारपर्यंत सात पुडकी आली होती आणि त्यांचं वजन बरोबर आठ किलो भरत होतं. बाबांनी यादीच्या खाली रेघ मारली. भाजणीचा डबा त्यांना दिसत होता. त्यांनी तो उचलून फळीवर मागे सरकवला आणि ऑफिसला गेले.

दुपारी आत्या आडवी झाली होती. मी तेरा वर्षांची होते, आणि मला वजनातलं कळत होतं. मी कात्री घेतली आणि सातही पुडक्यांची शिवण उसवली. आतला माल बाजारातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरला, प्रत्येक पिशवीवर मार्करने नाव लिहिलं, दोनदा तपासलं. एका पुडक्यात, नाईक दत्ता जाधव यांच्या, घडी घातलेलं पत्र होतं. मी ते उघडलं नाही. नियमाप्रमाणे जसंच्या तसं पिशवीत ठेवलं. त्या कापडाच्या आतल्या बाजूला तांबडा डाग होता, चटणीचं तेल झिरपलं असावं असं वाटलं. सात कापडं, दोऱ्यासकट, काट्याला लावली तर सहाशे चाळीस ग्रॅम भरली. भाजणी आत बसली आणि पिशव्यांपुरते वर चाळीस ग्रॅम शिल्लक राहिले. बाबा घरी आले तेव्हा पिशव्या ओळीने मांडलेल्या होत्या. त्यांनी काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "हे आधी का सुचलं नाही आपल्याला?" त्यांच्याकडून मला मिळालेली ही पहिली स्पष्ट शाबासकी. कापडं आत्याने सवयीप्रमाणे सोड्यात उकळून वाळत घातली.

त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारच्या फोनवर आईने सांगितलं. भाजणी मिळाली होती. इस्पितळाच्या मेसमध्ये तिने स्वतः थालीपिठं लावली होती, केरळच्या दोन सिस्टर आणि पंजाबचा एक डॉक्टर जेवायला होते, आणि डॉक्टरने त्यावर टोमॅटो सॉस घातल्याचं तिने माफ केलं होतं. तिचा आवाज इतका हलका मी त्या वर्षात ऐकला नव्हता. मग तिने विचारलं, "जाधवांच्या पुडक्याचं कापड कुठे आहे? झालं."

बाबा म्हणाले कसलं कापड, बघतो. दोन सेकंदांनंतर आई सांगू लागली. दत्ता जाधवची बायको संगीता पाच आठवड्यांपूर्वी बाळंत झाली, मुलगी झाली. त्यांच्याकडे सव्वा महिना होईपर्यंत बाळाचा फोटो काढत नाहीत, दृष्ट लागते. म्हणून संगीताने बाराव्या दिवशी कुंकू कालवून बाळाचा पाय मांजरपाटावर उमटवला आणि पाऊल आत येईल असं त्याच कापडात पुडकं शिवलं. पत्रात लिहिलं होतं, कापड फाडू नका, उलटं करून बघा. जाधवकडे पत्र होतं आणि प्लॅस्टिकची पिशवी होती. दोन दिवसांनी तो भीत भीत वॉर्डात येऊन विचारून गेला. मॅडम, कापड दिल्लीत राहिलं असेल का?

मी न्हाणीघराकडे पाहिलं. तिथल्या नळाला एका कापडात चक्का टांगलेला होता, खाली पातेल्यात पाणी ठिबकत होतं. शाई उकळूनही पूर्ण गेली नव्हती. "ना. दत्ता जा" एवढं वाचता येत होतं.

मी फोन हातात घेतला आणि सांगितलं की कापडं मी काढली, भाजणी बसावी म्हणून, आणि पाऊल धुतलं गेलं. "झालं" म्हणायची गरज नव्हती. दोन सेकंद गेले. आई रागावली नाही. रागावली असती तर बरं, असं मला तेव्हा वाटलं. ती म्हणाली, "जाधवला मी सांगते. संगीताला तू सांगायचंस. बाबांनी नाही, ताईंनी नाही." मग तिचा आवाज जरा खाली आला. "आणि मी ती भाजणी सगळी संपवली गं."

 संध्याकाळी बाबांनी यादीचा कागद काढला, पाहिला आणि म्हणाले, "आठ किलो बरोबर होते. मी फक्त वजन बघितलं." त्या दिवशी श्रीखंड झालं नाही. आत्याने चक्का दुसऱ्या भांड्यात काढला, ते कापड थंड पाण्यात नुसतं खळबळून घेतलं आणि पहिल्यांदाच सोडा घातला नाही. आता तसं करण्यात काही अर्थ नव्हता, हे तिलाही कळत होतं.

गावात फोन दूध डेअरीत होता. संगीता संध्याकाळी सहाला दूध घालायला येते, तेव्हा करा, असं डेअरीतल्या माणसाने सांगितलं. मी काय बोलायचं ते वहीत लिहून काढलं. पहिलं वाक्य मी चार वेळा बदललं. शेवटी ठरलं ते असं: "मला तुम्हाला एक वाईट गोष्ट सांगायची आहे." प्रामाणिक वाटलं.

सहाला पाच मिनिटं असताना नंबर लागला. पलीकडे किटल्यांचे आवाज होते, कुणीतरी दुधाच्या फॅटवरून वाद घालत होतं. मग एक धापा टाकणारा आवाज आला, कोण बोलतंय. मी म्हटलं, दिल्लीहून, मेजर मॅडमची मुलगी. आणि वहीत पाहून पहिलं वाक्य वाचलं.

पलीकडे काहीतरी पडलं. बहुधा किटली. बायकांचा गलका झाला, संगी, ए संगी, असं कुणी ओरडत होतं, आणि मग तो आवाज परत आला, अगदी बारीक झालेला. "त्यास्नी काय झालं?"

नवरा लढाईच्या मुलखात असलेल्या बाईला दिल्लीहून फोन येतो आणि माणूस म्हणतो वाईट गोष्ट आहे. हे मला सुचलं नव्हतं. लष्कराच्या घरात वाढून सुचलं नव्हतं. पुढे वीस वर्षं मी बातम्यांची पहिली वाक्यं लिहिली, इतरांची दुरुस्त केली, आणि नव्या मुलांना शिकवताना कधीही हा किस्सा सांगितला नाही. सांगायला हवा होता. पहिलं वाक्य कुणाच्या कानावर पडणार आहे ते आधी बघा, एवढंच त्यातून शिकण्यासारखं आहे.

मी जवळजवळ ओरडले. नाही, नाही, ते बरे आहेत, अगदी ठणठणीत आहेत, कापडाबद्दल आहे, पुडक्याच्या कापडाबद्दल.

"कापड?"

"हो. मी ते काढलं. आणि ते धुतलं गेलं."

संगीता रडत होती की हसत होती, ते कळेना. बहुतेक दोन्ही. "ताई," ती म्हणाली, "कापडासाठी माझा जीव घेता व्हय?" मग आजूबाजूच्या बायकांना तिने सांगितलं, काय न्हाई गं, कापड धुतलंय नुसतं. त्याही हसल्या. एक म्हातारा आवाज म्हणाला, दिल्लीची मान्सं कापड धुतल्याचं सांगाया फोन करत्यात, लई पैका हाय वाटतं. ती तिची सासू असावी.

हसू ओसरलं. मी वहीतलं बाकीचं वाचलं नाही. जसं घडलं तसं सांगितलं, भाजणीसकट. तिने मधे एकदाच विचारलं, आतलं सगळंच गेलं का, की कुठं खूण हाय. मी म्हटलं, काहीच नाही. ती म्हणाली, "आता तर पाय वाढला तिचा." त्यात तक्रार नव्हती. एक माहिती होती. पण मला जे समजायचं होतं ते त्या वाक्याने समजलं. बाराव्या दिवसाचा पाय जगात एवढ्या एकाच ठिकाणी होता.

मग तिने विचारलं, "मॅडमला पोचली का भाजणी?"

"पोचली."

"मग बरं झालं. हेंला ताप भरला तवा मॅडम दोन दिस उशाशी हुत्या, असं लिवलंय त्यांनी." पुढे म्हणाली, "ते कापड टाकू नगा तेवढं."

"मग बरं झालं" या तीन शब्दांत टोमणा होता का, हे मी अनेकदा तपासून पाहिलं आहे. मला सापडला नाही.

त्यानंतर आमच्याकडून पुडकी शिवलेलीच जाऊ लागली. दृष्टीची मुदत संपल्यावर संगीताने मुलीचे फोटो टपालाने पाठवले, ते जाधवांना मिळालेही. आईने फोनवर सांगितलं की त्यांनी ते सगळ्या वॉर्डाला दाखवले, सगळ्यांनी मुलगी बापावर गेली म्हणून सांगितलं, आणि मग ते मॅडमना म्हणाले, चांगले आहेत, पण ही मोठी झालेली आहे. कापड मी कपाटात ठेवलं होतं. आईच्या साड्यांच्या खाली.

तुकडी परत आली ती भर दुपारी. बाबांनी रजा घेतली होती, टाय लावला होता आणि झेंडूचे दोन हार आणले होते. विमानतळावरून आई गणवेशातच घरी आली, वाळलेली, उन्हाने काळवंडलेली. शर्माजींनी ओट्यावरून कडक सलाम ठोकला. दारातल्या पाटीकडे बघून आई बाबांना म्हणाली की अक्षरं फार मोठी झालीत. बाबा म्हणाले, "दुरून वाचता यावीत म्हणून." मग हार कुणी कुणाला घालायचा यावर दोघं अडली. शेवटी आत्याने एक हार घेऊन आईच्या गळ्यात घातला आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

संगीता भावाबरोबर आदल्या दिवशीच आमच्याकडे आली होती. एकवीस-बावीस वर्षांची, बारीक, काठापदराच्या साडीत. डेअरीतल्या आवाजावरून मी तिला थोराड समजले होते. मुलगी दहा महिन्यांची, धरून उभी राहणारी. मी दोन दिवस तिच्या पायांकडे बघणं टाळत होते. दत्ता जाधव आईच्या मागून आत आले, बूट बाहेर काढले आणि दारातच उभे राहिले. मुलीला त्यांनी लगेच घेतलं नाही. न्हाणीघरात जाऊन हात धुतले, कोपरापर्यंत, आईच्या वॉर्डात धुवत असतील तसे. मग पुढे आले तेव्हा मुलगी संगीताच्या खांद्यात तोंड लपवून रडायला लागली.

सगळे अवघडले. बाबा काहीतरी चहाचं म्हणाले. संगीता मला म्हणाली, "ताई, ते कापड आणा."

मी आणलं. मी ते इस्त्री करून ठेवलं होतं, पांढरं स्वच्छ, बाहेरून नावाची पुसट शाई, कडेला टाक्यांची भोकं. तिने ते फरशीवर पसरलं, आतली बाजू वर करून. मुलीला मांडीवर घेऊन ती खाली बसली आणि जाधवही समोर उकिडवे बसले.

"हितं," ती म्हणाली. कापडाच्या मधोमध तिने बोट टेकवलं. "टाच हितं." मग बोट हळूच वर सरकलं, आतल्या बाजूने वळलं आणि परत खाली आलं. "हितं अंगठा. ही बोटं. करंगळी नीट उठलीच न्हवती, कुंकू कमी पडलं." पाच ठिकाणी तिने बोटाचं टोक टेकवलं. कोरं कापड, आणि आम्ही सगळे त्यावर वाकलेलो. बाबा, आई, आत्या, संगीताचा भाऊ. मुलगी रडायची थांबली होती आणि संगीताचं बोट कुठे जातंय ते बघत होती.

जाधवांनी आपला अंगठा त्या जागेवर ठेवला, टाचेपासून वर. अंगठ्याच्या पुढे जेमतेम दोन बोटं उरत असावीत.

"एवढंच?"

"एवढंच," संगीता म्हणाली.

ते बराच वेळ तिथे बघत राहिले. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. घरात आल्यापासून पहिल्यांदाच.

"दिसलं, ताई," ते म्हणाले.